आभाळ, दिस आणि पृथ्वी : बालकांच्या सृष्टिविषयक उद्गारांची भाषिक चिकित्सा

लहान मुलांनी सूर्य, चंद्र, पाऊस, वारा यांविषयी काढलेले उद्गार टिपून ठेवण्याची प्रथा आता बरीच जुनी झाली आहे. या टिपणांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. एका वर्गात कौतुक प्रधान असते. मुलाचे बोलणे ऐकून वडीलधाऱ्यांना हसू आले म्हणून ते नियतकालिकाच्या कोपऱ्यात छापले गेले, एवढेच त्याचे प्रयोजन. दुसऱ्या वर्गात शास्त्र प्रधान असते. तेथे तोच उद्गार बालमनाच्या घडणीचा पुरावा म्हणून मांडला जातो आणि त्यावरून वयाचे टप्पे, विचाराच्या अवस्था, मनातील प्रतिरूपे यांची उभारणी होते. वरवर पाहता या दोन वर्गांत काहीच साम्य नाही. तथापि एका बाबतीत दोहोंची गत सारखीच आहे. मुलाने उच्चारलेले मूळ वाक्य दोन्हीकडे बहुधा सापडत नाही. कौतुकाच्या टिपणात ते गोंडस करून घेतलेले असते, शास्त्राच्या ग्रंथात ते भाषांतरित झालेले असते. मराठी मुलांसंबंधी लिहिणारा अभ्यासकही जेव्हा इंग्रजीतून आलेली प्रश्नावली मराठी करून वापरतो आणि मिळालेली उत्तरे पुन्हा इंग्रजीत नेऊन ठेवतो, तेव्हा त्या वाक्याची दोनदा झीज होते. ज्या उद्गारावर सिद्धांत उभा करावयाचा त्याचे क्रियापद कोणते होते हेच ठाऊक नसेल, तर त्यातील नवल मुलाच्या विचारात होते की भाषांतरकाराच्या शब्दात, हे ठरविण्याचा मार्ग उरत नाही.

हा आक्षेप तात्त्विक वाटू नये म्हणून एका विशिष्ट स्थळाची भाषा समोर ठेवणे इष्ट होईल. सांगली व मिरज यांच्या लगतचे कुपवाड हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. औद्योगिक वसाहत आल्यावर तेथे कामगारांची वस्ती वाढली आणि १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड अशी संयुक्त महानगरपालिका अस्तित्वात आली. गावाचे रूप पालटले, तरी परिसराच्या बोलीत शेतीचा शब्दसंग्रह अद्याप टिकून आहे. या बोलीत पावसाची लक्षणे दिसू लागली की ‘आभाळ आलं’ असे म्हणतात, आणि ढग पांगले की ‘आभाळ गेलं’ असे म्हणतात. ‘आभाळ’ हा शब्द संस्कृत ‘अभ्र’ या ढगवाचक शब्दापासून आलेला. त्याचा जुना अर्थ ढग, आणि ‘आभाळाएवढा’ यासारख्या प्रयोगांत दिसणारा दुसरा अर्थ आकाश. बोलीत दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात. आता या परिसरातील सहा वर्षांच्या मुलाने ‘आभाळ गेलं’ असे म्हटले आणि संशोधकाच्या वहीत त्याचे भाषांतर ‘आकाश निघून गेले’ असे झाले, तर एका क्षणात एक विलक्षण विश्वकल्पना जन्मास येते. आकाश ही जाणारी-येणारी वस्तू आहे, ते सरकणारे छत आहे, असे मूल मानते, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात मुलाने ढग पांगल्याची साधी व अचूक बातमी दिलेली असते. ‘आभाळ किती उंच आहे?’ या प्रश्नाचेही असेच आहे. ढगांना उंची आहे, ती मोजता येते. आकाशाला तशी उंची नाही. मुलाने ‘डोंगराएवढं’ असे उत्तर दिले तर ते एका अर्थाने फारसे चुकीचे नाही, दुसऱ्या अर्थाने निरर्थक आहे. उत्तराची प्रत ठरविण्यापूर्वी प्रश्नाचा अर्थ ठरवावा लागतो, एवढी साधी दक्षता या क्षेत्रात पुष्कळदा घेतली जात नाही.

‘दिस’ हा शब्द याहूनही बोलका आहे. दक्षिण महाराष्ट्राच्या बोलीत दिस म्हणजे दिवस, आणि दिस म्हणजे सूर्यही. ‘दिस उगवला’, ‘दिस डोक्यावर आला’, ‘दिस बुडाला’ ही वाक्ये शेतावर जाणाऱ्या माणसाच्या तोंडी रोजची आहेत. पूर्वेला ‘उगवत’ आणि पश्चिमेला ‘मावळत’ म्हणण्याचा प्रघातही याच कुळातला. या भाषेत वाढलेल्या मुलाला शाळेत प्रथम असे सांगण्यात येते की सूर्य हा एक तारा आहे, तो रात्रीही असतो, फक्त आपल्याला दिसत नाही. प्रमाणभाषेत या वाक्यात कसलाच विरोध नाही. परंतु मुलाने ते मनातल्या मनात आपल्या बोलीत उतरवून घेतले की त्याचे रूप ‘दिस रातीबी असतो’ असे होते, आणि हे वाक्य बोलीच्या अर्थव्यवस्थेत उघड व्याघात आहे; कारण दिस नसणे हीच रात्रीची व्याख्या. अशा वेळी मूल गप्प बसले किंवा त्याने काही तरी जुळवून सांगितले, तर त्याला विज्ञान समजले नाही असे म्हणण्यापेक्षा त्याला दिलेले वाक्य त्याच्या भाषेत मांडलेच गेले नव्हते असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

‘उगवणे’ या क्रियापदाकडेही थोडे थांबून पाहिले पाहिजे. शाळू उगवतो, हळद उगवते, आणि सूर्यही उगवतो. मोल्सवर्थच्या कोशातही या धातूचे दोन्ही अर्थ एकत्र नोंदलेले आहेत. उगवणारी वस्तू जमिनीखालून येते, तिच्या आधी बी असते, आणि गेल्या साली उगवलेला शाळू या साली उगवत नाही. उगवतो तो दुसरा. क्रियापदाच्या या गर्भितार्थावर जर मुलाने भरवसा ठेवला, तर आजचा सूर्य कालचाच की नवा, हा प्रश्न त्याच्या मनात उठणे अगदी स्वाभाविक आहे. हा प्रश्न हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. सूर्य रोज नवा असतो हे मत ग्रीक विचारवंत हेराक्लायटस याच्या नावावर तत्त्वज्ञानाच्या इतिहासात आदराने नोंदले जाते.

या पार्श्वभूमीवर झां पियाजे यांच्या कार्याकडे वळले पाहिजे, कारण बालकांच्या सृष्टिविषयक कल्पनांचा पद्धतशीर अभ्यास त्यांच्यापासूनच सुरू होतो. बालकाच्या जगत्कल्पनेवरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला व १९२९ मध्ये इंग्रजीत आला. त्यात त्यांनी तीन प्रमुख प्रवृत्ती सांगितल्या. लहान मूल निर्जीव वस्तूंना सजीव मानते. सूर्य, चंद्र, डोंगर, नद्या या सर्व गोष्टी कोणी तरी केल्या आहेत असे मानते. आणि वस्तूचे नाव हा त्या वस्तूचाच अंश आहे असे मानते. पियाजे हे अत्यंत सावध संशोधक होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुलाची उत्तरे पाच प्रकारची असू शकतात, असे त्यांनी बजावून ठेवले आहे : विचार न करता दिलेले, कल्पनेने रचलेले, प्रश्नातूनच सुचविले गेलेले, प्रश्नामुळे प्रथमच विचारात आलेले, आणि पूर्वीपासून मनात वसलेले. आज या क्षेत्रात काम करणाऱ्या पुष्कळांना ही वर्गवारी पाठ असते, परंतु तिचा वापर करण्याची सवड नसते.

तरीही एक गोष्ट राहून जातेच. जिनिव्हाची मुले फ्रेंच बोलत होती, आणि फ्रेंच भाषेत सूर्योदय व सूर्यास्त यांसाठी जी क्रियापदे योजतात तीच माणसाच्या झोपेतून उठण्यासाठी व रात्री अंथरुणावर पडण्यासाठी योजतात. त्या भाषेत सूर्य सकाळी उठतो आणि संध्याकाळी झोपावयास जातो. सूर्याला इच्छा आहे, तो आपल्या मागून येतो, तो थकतो, अशी उत्तरे त्या मुलांनी दिली असतील तर त्यात बालमनाचा वाटा किती आणि फ्रेंच क्रियापदाचा किती, हा प्रश्न पुसून टाकता येत नाही. पियाजे यांनी भाषेच्या प्रभावाचा विचार केलाच नाही असे नाही. परंतु त्यांनी त्याला गौण स्थान दिले, आणि एकाच भाषेत काम केल्यामुळे तो प्रभाव वेगळा काढून मोजण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. मराठीत माणूस उठतो आणि सूर्य उगवतो. दोन क्रियापदे भिन्न आहेत. फ्रेंच क्रियापद मुलाला सूर्याचे मनुष्यत्व सुचविते, मराठी क्रियापद त्याला सूर्याचे वनस्पतित्व सुचविते. पियाजे यांच्या अवस्था सार्वत्रिक आहेत असे मानणाऱ्याने निदान या दोन भाषांतील मुलांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून दाखविली पाहिजेत.

सर्व काही कोणी तरी केले आहे, या दुसऱ्या प्रवृत्तीसंबंधीही मराठीचे व्याकरण काही बोलते. मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’, ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’, ‘होणे’ आणि ‘करणे’ अशा जोड्या आहेत. पाऊस पडतो म्हटले की कर्ता लागत नाही. पाऊस पाडला म्हटले की कोणी पाडला हा प्रश्न मागोमाग येतो. ‘सूर्याची सुरुवात कशी झाली?’ हे वाक्य घरगुती मराठीत कोणी बोलत नाही. म्हणून विचारणारा सहजच ‘सूर्य कोणी केला?’ असे विचारून बसतो, आणि मग मुलाने ‘देवानं’ किंवा ‘माणसांनी’ असे उत्तर दिले तर त्याला बालमनाचा धर्म मानतो. उत्तरातील कर्ता प्रश्नानेच पुरविलेला असतो. शिवाय २०१५ व २०१९ साली मराठवाड्यात कृत्रिम पाऊस पाडण्याचे शासकीय प्रयोग झाले, तेव्हा ‘सरकार पाऊस पाडणार’ ही वाक्ये मोठ्या माणसांनीच घरोघर उच्चारली होती. जत-आटपाडीसारख्या अवर्षणप्रवण भागात ती विशेष उत्कंठेने ऐकली गेली असतील. त्या घरातील मुलाने पाऊस माणसे पाडतात असे म्हटले, तर त्याची गणना कोणत्या अवस्थेत करावयाची?

पियाजे यांच्यानंतर या विषयातील सर्वांत अधिक चर्चिलेले काम म्हणजे स्टेला व्होस्नियाडू व विल्यम ब्रूअर यांचा १९९२ मधील पृथ्वीच्या आकारासंबंधीचा निबंध. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील ६० मुलांना प्रश्न विचारून, चित्रे काढावयास लावून, त्यांनी असे प्रतिपादिले की मुलांच्या मनात पृथ्वीची काही ठरावीक प्रतिरूपे असतात. कोणाची पृथ्वी चौकोनी पाटासारखी, कोणाची तबकडीसारखी, कोणाची पोकळ गोळ्यासारखी व माणसे आत सपाट तळावर राहणारी. काही मुलांच्या मनात तर दोन पृथ्व्या असतात. एक गोल, आकाशात असलेली, आणि दुसरी सपाट, आपण राहतो ती. हे निष्कर्ष मोठे चित्तवेधक आहेत आणि ते जगभर उद्धृत झाले.

परंतु ते मराठीत आणताना दोन शब्दांपाशी थबकावे लागते. पहिला शब्द ‘गोल’. पोळी गोल असते, बांगडी गोल असते, चेंडूही गोल असतो. मराठीत सपाट वर्तुळ आणि घनगोल या दोहोंना एकच विशेषण पुरते. ‘पृथ्वी गोल आहे’ हे वाक्य ऐकून ज्या मुलाने भाकरीसारखी पृथ्वी काढली, त्याने ऐकलेल्या वाक्याचा शब्दशः बरोबर अर्थ लावला आहे. वाक्य अपुरे होते. याच कारणाने शिक्षकाला चेंडूची किंवा संत्र्याची उपमा जोडावी लागते. इंग्रजी शब्दातही हीच संदिग्धता आहे, ही गोष्ट त्या मूळ निबंधाच्या बाबतीतही विसरता येत नाही.

दुसरा शब्द ‘पृथ्वी’ हाच. इंग्रजीत ग्रह आणि माती या दोहोंना एक शब्द चालतो. मराठीत पृथ्वी, जमीन, माती, भुई, धरती असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांची कार्यक्षेत्रेही वेगळी आहेत. मूल जमिनीवर पडते, मातीत खेळते, भुईवर बसते. ‘पृथ्वीवर पडलो’ असे कोणतेही मूल म्हणत नाही. पृथ्वी हा शब्द त्याला घरात क्वचित भेटतो, पुराणकथेत भेटतो आणि मुख्यतः भूगोलाच्या पुस्तकात भेटतो. तेव्हा मराठी मुलाने ‘पृथ्वी गोल आहे आणि जमीन सपाट आहे’ असे सांगितले, तर दोन पृथ्व्या मानणाऱ्या गटात त्याची नोंद होण्याचा धोका आहे. वास्तविक त्याची दोन्ही विधाने सत्य आहेत. आपल्या डोळ्यांपुढचा जमिनीचा तुकडा सपाट दिसतो आणि संपूर्ण ग्रह गोल असतो. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, हेच स्पष्ट केले आहे : परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि पृथ्वी प्रचंड व मनुष्य लहान असल्यामुळे त्याला ती सपाट दिसते. मुलाच्या दोन वाक्यांत जो दुवा नाही तो भास्कराचार्यांनी पुरविला आहे. परंतु वाक्ये तीच आहेत. शिकविण्याचे काम म्हणजे हा दुवा जोडणे होय. मुलाच्या जमिनीला खोटे ठरविण्याची त्यासाठी गरज नाही.

या प्रतिरूपांच्या सिद्धांतावर इतरांनीही आक्षेप घेतले आहेत. स्वीडनमधील शूल्ट्झ, सेल्यो व विंधाम्न यांनी २००१ मध्ये असे दाखविले की मुलांसमोर पृथ्वीचा गोल ठेवून संभाषण केले असता तीच वयोमर्यादा असलेली मुले पुष्कळच समंजस उत्तरे देतात. नोब्ज व पानाजिओताकी यांनी २००७ मध्ये तीच प्रश्नावली प्रौढांना दिली, तेव्हा काही प्रौढांनीही ‘बालिश’ म्हणून गणली जाणारी चित्रे काढली. म्हणजे प्रश्नातच काही तरी कूट होते. हे आक्षेप रास्त आहेत. तथापि त्यांतही भाषेचा विचार मुख्यत्वे प्रश्नाच्या संदिग्धतेपुरताच येतो. भारतात १९९६ मध्ये समरपुंगवन, व्होस्नियाडू व ब्रूअर यांनी हैदराबादच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पाण्यावर टेकलेल्या पृथ्वीची कल्पना त्यांच्यात आढळते असे नोंदविले. तिचा संबंध त्यांनी पारंपरिक विश्वकल्पनांशी जोडला. तो संबंध असेलही. परंतु पृथ्वीला आधार हवा ही अपेक्षा पुराणातूनच यावी लागते असे नाही. ‘आधार’ हा शब्द ज्या भाषेत भिंतीला, वेलीला आणि म्हाताऱ्या माणसालाही लागतो, त्या भाषेत जड वस्तू निराधार राहू शकते हेच नवल आहे. भास्कराचार्यांनी याच प्रश्नाला उत्तर देताना म्हटले की पृथ्वीला एक आधार मानला तर त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा मानावा लागेल आणि शेवटी कोठे तरी स्वतःच्या शक्तीने राहणारे काही तरी मानावे लागेल. मग ती शक्ती पृथ्वीचीच का मानू नये? हा युक्तिवाद त्यांना करावा लागला याचा अर्थ त्यांच्या काळच्या विद्वान प्रौढांनाही आधाराचा प्रश्न पडत होता. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसे खाली का पडत नाहीत, हा तर आजच्या प्रत्येक चौथीच्या वर्गातील प्रश्न; त्याचीही चर्चा गोलाध्यायात आहे. आर्यभटांनी ४९९ मध्येच गोल पृथ्वीवर सर्व बाजूंनी राहणाऱ्या प्राण्यांना कदंबाच्या फुलावरील केसरांची उपमा दिली होती. चेंडू-संत्र्यापेक्षा ही उपमा सरस आहे, कारण तीत वस्तूचा आकारही आहे आणि तिला सर्व बाजूंनी बिलगून असणेही आहे. पाठ्यपुस्तकांनी ती हातची का जाऊ दिली, कळत नाही.

सजीव-निर्जीव भेदाच्या बाबतीत मात्र भाषेचा प्रभाव आता इतर भाषांतून चांगला सिद्ध झालेला आहे. इस्राएलमधील मुले वनस्पतींना सजीव मानण्यास मागेपुढे पाहतात असे स्टेव्ही व वॅक्स यांना १९८९ मध्ये आढळले. हिब्रू भाषेत प्राणी व जीवन यांचे शब्द एकमेकांच्या निकटचे आहेत, तर वनस्पतींचा त्या शब्दकुलाशी संबंध नाही. इंग्रजी व इंडोनेशियन मुलांची तुलना करून अँगोरो, वॅक्समन व मेडिन यांनी २००८ मध्ये नामकरणाच्या पद्धतीचा असाच परिणाम दाखविला. मराठीची स्थिती यांहून अधिक गुंतागुंतीची आहे. ‘प्राणी’ हा शब्द प्राणावरून आला, पण व्यवहारात तो माणसाला व झाडाला वगळतो. बोलीत गुरांना ‘जित्राब’ म्हणतात; ‘जिता’ या शब्दाशी त्याचे नाते ऐकणाऱ्याच्या कानाला सहज जाणवते. झाड वठते, पीक जळते, रोप सुकते. मरणाची क्रियापदेही झाडांसाठी पुष्कळदा निराळीच आहेत. उलट विहिरीला ‘जिवंत झरा’ लागतो आणि तुटून पडलेल्या तारेत ‘जिवंत’ वीज असते. प्रौढ, सुशिक्षित माणसे हे प्रयोग निःशंकपणे करतात. मग ‘झाड जिवंत आहे का?’ या प्रश्नाला नकार आणि ‘झरा जिवंत आहे का?’ या प्रश्नाला होकार देणारे मूल पियाजे यांच्या एखाद्या अवस्थेत अडकले आहे की विहीर खणणाऱ्या आजोबांची भाषा नीट शिकले आहे?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे व तो गंभीर आहे. भाषा विचाराला घडविते हा बेंजामिन ली व्होर्फ यांचा सिद्धांत ताणून धरला तर त्यातून हास्यास्पद निष्कर्ष निघतात. खगोलशास्त्रज्ञही ‘सूर्य उगवला’ असेच म्हणतो. म्हणून तो सूर्याला रोप समजतो असे नाही. हे खरे आहे, आणि म्हणून वरील उदाहरणांवरून मराठी मुले अमुक प्रकारे विचार करतातच असा दावा करता येत नाही. परंतु प्रौढ आणि बालक यांत एक महत्त्वाचा फरक आहे. प्रौढाजवळ त्या विषयाचे भाषेबाहेरचे ज्ञान असते. त्याच्या लेखी ‘उगवणे’ हे सूर्याच्या संदर्भात मृत रूपक असते. बालकाजवळ ज्या गोष्टी पाहून, हाताळून तपासता येत नाहीत त्यांच्यासंबंधी ऐकीव वाक्यांखेरीज दुसरे साधनच नसते. दगडाविषयी तो भाषेवर अवलंबून नाही, सूर्याविषयी आहे. म्हणून भाषेचा प्रभाव सर्वत्र सारखा असणार नाही. जेथे अनुभव तोकडा आणि वाक्ये विपुल, तेथे तो अधिक असणार. आणि ‘मोठ्या’ वैज्ञानिक कल्पना नेमक्या त्याच प्रदेशातल्या आहेत.

हा प्रभाव ओळखण्याची एक कसोटी मराठीच्या विभक्तिव्यवस्थेतच उपलब्ध आहे. ‘मी दगड पाहिला’ पण ‘मी मुलाला पाहिले’. सचेतन कर्माला, विशेषतः मनुष्यवाचक कर्माला, ‘ला’ हा प्रत्यय लागतो. अचेतन कर्म सामान्यतः प्रत्ययावाचून राहते. वस्तूच्या निश्चिततेचाही यात भाग असतो, आणि ‘गाय पाहिली’ व ‘गाईला पाहिले’ अशी दोन्ही रूपे संभवतात, हे ध्यानात ठेवूनही कसोटी उपयोगी पडते. चंद्र जिवंत आहे असे उत्तर देणारे मूल जर सहज बोलताना ‘मी चंद्र पाहिला’ असे म्हणत असेल, तर त्याच्या व्याकरणाने चंद्राला सचेतनांत घेतलेले नाही. उत्तर प्रश्नापुरते आहे. उलट तेच मूल ‘चांदोमामाला पाहिलं’ असे म्हणू लागले तर येथे नातेवाचक शब्दाने रूप बदलले असणेही शक्य आहे, आणि मग ‘चंद्र’ व ‘चांदोमामा’ या दोन शब्दांची रूपे वेगवेगळी नोंदवावी लागतील. व्याकरणाची साक्ष अजाणता दिलेली असते, म्हणून ती प्रश्नोत्तरातील साक्षीपेक्षा विश्वसनीय. लिंगाचा मात्र येथे काही उपयोग नाही. मराठीत दगड पुल्लिंगी आणि मूल नपुंसकलिंगी आहे.

कुपवाडच्या वर्गात ही गुंतागुंत आणखी वाढते. औद्योगिक वसाहतीमुळे निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे तेथे आली आहेत, आणि जत-मिरजेच्या बाजूने कन्नड भाषा पूर्वीपासून शेजारी आहे. मराठी सूर्य उगवतो. हिंदी किंवा दखनी घरातील सूरज ‘निकलता’ म्हणजे बाहेर पडतो आणि ‘डूबता’ म्हणजे बुडतो. कन्नड घरातील सूर्यासाठी ‘हुट्टु’ म्हणजे जन्मणे आणि ‘मुळुगु’ म्हणजे बुडणे ही क्रियापदे येतात. एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांचा सूर्य सकाळी तीन वेगळ्या क्रिया करतो, आणि संध्याकाळी दोघांचा तरी बुडतो. मराठी प्रमाणभाषेतील उत्तराची अपेक्षा ठेवून तपासणाऱ्या शिक्षकाला या तिघांपैकी ज्याचे घर मराठी नाही तो मागे पडलेला दिसण्याचा संभव सर्वांत अधिक. पियाजे यांच्या तिसऱ्या प्रवृत्तीसंबंधीचे संशोधन मात्र याच्या उलट दिशेने बोट दाखविते. नाव हा वस्तूचा अंश आहे या समजुतीचे एक सुंदर उदाहरण व्हिगॉट्स्की यांनी १९३४ मधील ग्रंथात दिले आहे : कुत्र्याला गाय म्हणावयाचे ठरले की मूल त्या कुत्र्याला शिंगेही बहाल करते. परंतु इयान्को-वॉरल यांना १९७२ मध्ये असे आढळले की दोन भाषांत वाढलेली मुले नावे बदलता येतात हे एकभाषिक मुलांपेक्षा सहज स्वीकारतात. सूर्य, दिस, सूरज ही तीन नावे ज्या मुलाच्या कानावर रोज पडतात, त्याला नाव आणि वस्तू यांची फारकत शिकवावी लागण्याचे कारण कमी. शाळेच्या तपासणीत जे मूल दुबळे ठरते, तेच या बाबतीत पुढे असण्याची शक्यता आहे. आणि तशी नोंद करण्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही.

परिभाषेचा प्रश्न येथे ओझरताच घेता येईल. वाई येथून १९७३ मध्ये विश्वकोशाचा ‘परिभाषा संग्रह’ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून शास्त्रीय मराठीला स्थिर शब्द मिळाले, हे मोठेच कार्य झाले. पण ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दातील ‘गुरु’ म्हणजे जड, हे संस्कृत जाणणाऱ्यालाच कळते. मुलाला शाळेतले गुरुजी, गुरुवार आणि गुरु ग्रह एवढेच ठाऊक. ‘वीज’ या शब्दाची कथा याहून सुखाची आहे. मेघातील वीज आणि तारेतील वीज एकच, हे दाखवायला १७५२ मध्ये फ्रँकलिनचा काळ यावा लागला. मराठीने दोहोंना एकच शब्द देऊन ते ज्ञान मुलाच्या कानात अलगद ठेवले. आता घरोघर ‘लाइट गेली’ म्हणतात, आणि तो लाभ नकळत हातचा जात आहे.

मराठी मुलांची मूळ वाक्ये मिळवावयाची कोठून? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पाडळकर व जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या खगोलविषयक कल्पनांचा अभ्यास केला असून, त्यात मुलांच्या परिसरातील पारंपरिक ज्ञानाचीही दखल घेतलेली आहे. या दिशेचे काम अधिक झाले पाहिजे. फक्त अशा अभ्यासाचे फलित इंग्रजी निबंधांतून प्रसिद्ध होते, तेव्हा मुलांची मराठी उत्तरे परिशिष्टात तरी जशीच्या तशी यावीत. सातारा जिल्ह्यात फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी तेथील बोलीतील भेदांचा अभ्यास करून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनातून मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. भाषाशास्त्रज्ञाने बोलीचे संशोधन करावे आणि त्याच गावात शाळा काढावी, असे उदाहरण विरळ. सृष्टिविषयक उद्गारांचा संग्रह करावयाचा तर तो अशाच ठिकाणी, बोली जाणणाऱ्या शिक्षकाकडून, ध्वनिमुद्रणासह झाला पाहिजे. आणि त्यात प्रश्नाचे शब्दही उत्तराइतक्याच काळजीने लिहून ठेवले पाहिजेत.

याखेरीज आणखी एक साधन आहे. मूळचे कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत, आणि उत्तर लिहून त्याखाली स्वाक्षरी करीत. कोणी विचारले म्हणून दिलेले उत्तर आणि स्वतःहून विचारलेला प्रश्न यांत पियाजे यांच्याच कसोटीने मोठे अंतर आहे. दुसऱ्यात सुचविले जाण्याचा दोष नाही. त्या दृष्टीने असा पत्रव्यवहार कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा मोलाचा ठरेल. मात्र पोस्टकार्ड लिहिणारे मूल वहीतली मराठी लिहिते. कार्डावर ‘सूर्य’ येतो, ‘दिस’ येत नाही; ‘ढग’ येतात, ‘आभाळ आलं’ येत नाही. आणि ज्याला अजून लिहिता येत नाही, त्या पाच-सहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न टपालाच्या पेटीपर्यंत पोचतच नाही.